ठोकेबाईंचे अठरा ठोके

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी एका अनोळखी माणसाने चार ओळी लिहून ठोकेबाईंच्या तीन वर्षांच्या मेहनतीवर पाणी ओतलं, आणि बाई खुर्चीतून अशा उठल्या की ती चाकाची खुर्ची मागे जाऊन कपाटावर आपटली. रागाने नव्हे बरं का. इथेच बाईंना न ओळखणारे लोक फसतात. कुणी चूक दाखवली की बाईंच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं. चष्मा डोक्यावर जातो, बाह्या वर सरकतात, आणि पुढचे चार दिवस त्यांच्याशी साधं चहापाण्याचं बोलायचीही सोय राहत नाही.

आधी बाई करतात काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बाई मायक्रोप्रोसेसर आखतात. मोबाईलमधले ते झगमगीत, महागडे नव्हेत. बाईंचा प्रोसेसर छोटा आणि गरीब; लिफ्टच्या दारात, औषधाच्या पंपात, कारखान्यातल्या प्रेसमशीनमध्ये बसायचा. अशा ठिकाणी वेळेचा पक्का कारभार लागतो. तो सांभाळणाऱ्या प्रोग्रामला रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. नाव मोठं असलं तरी काम मुनीमाचं: कुठलं काम आत्ता, कुठलं नंतर, आणि तातडीची हाक आली की हातातलं ठेवून आधी तिकडे धावायचं. अडचण अशी की हा मुनीम कितीही शहाणा असला तरी त्याच्या खालचा प्रोसेसर लहरी असेल तर सगळं मुसळ केरात. हाक आली आणि प्रोसेसर कधी चटकन उठला, कधी 'आलो, आलो' करत बसला, तर मुनीम बिचारा कुणाला वेळेचा शब्द देणार?

म्हणून बाईंनी असा प्रोसेसर आखला, जो हाक आल्यापासून बरोबर अठरा ठोक्यांत उठतो. ठोका म्हणजे त्या चिपमधल्या घड्याळाचा ठोका. एका सेकंदात पाच कोटी पडतात. अठरा म्हणजे अठरा. कधी सोळा नाही, कधी वीस नाही. प्रयोगशाळेतले बाकीचे लोक वेगाच्या मागे आणि बाई ठोके मोजत बसलेल्या, म्हणून नाव पडलं ठोकेबाई. आता त्यांच्या सासूबाईसुद्धा फोनवर विचारतात, "ठोकेबाई आहेत का जागेवर?"

आणि हा प्रोसेसर उघडा आहे. त्याचा आराखडा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कुणीही वाचावा, तपासावा, फुकट बनवावा. हे वेड बाईंच्या डोक्यात आजचं नाही. शिकून बाहेर पडल्यावर नऊ वर्षं त्या रस्त्यावरच्या सिग्नलच्या पेट्या दुरुस्त करत होत्या. उन्हात, चौकाच्या कोपऱ्यावर, गुडघ्यावर बसून. एकदा एका चौकात दोन्ही बाजूंना दीड सेकंद हिरवा दिवा लागला. एक पावाची गाडी आणि एक स्कूटर एकमेकांवर गेल्या. जीव वाचले, पाव गेले. बाईंनी पेटी उघडली, तर आतली चिप मोहोरबंद. बनवणारी कंपनी बुडालेली, कागद कुणाकडे नाहीत. दीड सेकंद का, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. त्या दिवशी बाई घरी येऊन जेवल्या नाहीत. नवऱ्याला म्हणाल्या, "मला आत काय आहे ते बघूच देत नाहीत. मग मी दुरुस्त काय करते, डबा?" पुढच्याच महिन्यात त्यांनी पुन्हा शिकायला नाव घातलं, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

तर ते सोमवारी ईमेलने आलेलं पत्र. लिहिणारा होता प्रेसमशीन दुरुस्त करणारा एक म्हातारा. कुठला, कोण, बाईंना पत्ता नाही. त्याने बाईंचा आराखडा उतरवून घेतला होता आणि एका बोर्डवर चढवला होता. हे बोर्ड असे असतात की त्यांना आराखडा दिला की ते तोच प्रोसेसर होऊन बसतात, चिप छापून यायची वाट बघावी लागत नाही. म्हाताऱ्याने तो बोर्ड प्रेसच्या रखवालीला लावला होता. लोखंडाचा पत्रा दाबणाऱ्या जबड्यासमोर प्रकाशाची एक पट्टी असते, त्या पट्टीत हात गेला की जबडा थांबायचा. त्याने लिहिलं होतं:

"बाई, तुमचे अठरा ठोके मी नऊ दिवस मोजतो आहे. चार वेळा एकतीस आले. तेरा ठोके जास्त लागले म्हणून माझं काही अडत नाही, तेवढ्यात माशीचा पंखही हलत नाही. पण हे एकतीस तुम्हाला माहीत नव्हते. उद्या तीनशे झाले, तीन लाख झाले, तर तेही तुम्हाला माहीत नसणार."

बाईंनी पत्र तीनदा वाचलं आणि साहेबांच्या खोलीकडे निघाल्या.

साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. त्यांच्या भिंतीवर मोठं वेळापत्रक होतं, आणि त्यात शुक्रवारच्या पाच वाजण्याभोवती लाल वर्तुळ. बाईंचा प्रोसेसर पहिल्यांदाच खऱ्या चिपवर छापला जाणार होता. दहा-बारा संस्था मिळून सिलिकॉनच्या एकाच चकतीवर आपापला तुकडा छापून घेतात, त्यात यांना एक जागा मिळालेली. शुक्रवारी पाचपर्यंत आराखडा गेला नाही तर जागा दुसऱ्याला. पुढची फेरी अकरा महिन्यांनी, आणि तोवर बाईंचा प्रकल्प जिवंत राहील याची साहेबांनाच खात्री नव्हती.

"नऊ दिवसांत चार वेळा," साहेब म्हणाले. "किती कोटींत चार?"

"तो प्रश्नच नाही, सर."

"तोच प्रश्न आहे. माहितीपत्रकात लिहा, 'साधारणतः अठरा'. एक शब्द वाढवा आणि पाठवून द्या."

बाई हसल्या. हे हसू ज्यांनी पाहिलंय ते जपून असतात. "सर, तुमचा जिना साधारणतः पंधरा पायऱ्यांचा आहे, असं सांगितलं तर अंधारात उतराल?"

साहेब कपाळ चोळत राहिले. शेवटी म्हणाले, "शुक्रवार दुपारपर्यंत. चूक सापडली तर ठीक. नाही सापडली तर 'साधारणतः' लिहायचं, किंवा जागा सोडायची. काय ते तुम्ही ठरवा." बाईंना दोन्ही नको होतं.

सोमवार आणि मंगळवार बाई पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारख्या तडफडल्या, पण आनंदाने तडफडल्या, हे त्यांचं त्यांनाच जमतं. संगणकावर त्यांनी प्रोसेसरला चाळीस कोटी हाका मारून पाहिल्या. चाळीस कोटी वेळा अठरा. पुन्हा मारल्या, पुन्हा अठरा. म्हातारा खोटं बोलतो म्हणावं तर त्याने मोजणीचे आलेखही जोडले होते, एकतीस स्वच्छ दिसत होते. मग घोडं पेंड कुठे खातंय? बाई जेवताना ताटात बोटाने ठोके मोजत. भाजीत मीठ नाही हे नवऱ्याने सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "पण कितव्या ठोक्याला?"

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान, दोन मशिनं, एक लांब टेबल. गरीब गायच म्हणा, पण डोकं जागेवर. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता बाई लवकर घरी आल्या आणि टेबलावरचं कापड गोळा करायला लागल्या, तेव्हा त्याने काही न विचारता कात्री उचलून ठेवली. त्याला माहीत होतं, आता नाटक आहे.

हे नाटक ही बाईंची कामाची रीत. संगणकाने हात टेकले की बाई प्रोसेसर माणसांकडून करवून घेतात. प्रयोगशाळेत पूर्वी हे चालायचं. एकदा पाहुण्यांसमोर बाईंनी साहेबांना 'भागाकार' करून कोपऱ्यात उभं केलं, तेव्हापासून तिथे बंदी आहे. म्हणून आता घरी.

टेबलावर दोन ट्रे मांडले. एक रोजच्या कामाचा, एक तातडीच्या कामाचा. साधे प्रोसेसर हाक आली की हातातलं सगळं सामान उचलून कपाटात ठेवतात, मग नवीन काढतात. बाईंचा तसं करत नाही, तो नुसता दुसऱ्या ट्रेकडे वळतो. म्हणून तर अठरा ठोके. नवऱ्याने लाकडी पट्टी घेतली. पट्टी टेबलावर आपटली की एक ठोका. बाई स्वतः प्रोसेसर. आणि हाक मारायचं काम सासूबाईंकडे, त्यांच्या हातात दुकानाच्या दारावरची घंटी.

सासूबाईंचंही सांगायला हवं. वय अठ्ठ्याहत्तर, कान तिखट, जीभ त्याहून. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. समोर दिव्यांची भिंत. दिवा लागला की दोरीचा प्लग त्या भोकात घालायचा, 'बोला' म्हणायचं, पुढे जोडून द्यायचं, बोलणं संपलं की काढायचा. एका वेळी साठ दोऱ्या. बाईंच्या कामातलं त्यांना एक अक्षर कळत नाही असं त्या स्वतःच सांगतात, आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्याच विचारतात.

"मी मोठा भागाकार करतेय," बाईंनी समजावलं. "पहिल्या ट्रेमध्ये. भागाकार चालू असताना नवी हाक आली तर तो टाकून उठते; पण सुरू व्हायच्या आधीच आलेली हाक राहून गेली, तर तेरा ठोके मला उठता येत नाही, हे आधीपासून ठरलेलं. म्हणून तुमची हाक आली असेल तर मी भागाकार सुरूच करत नाही, आधी तुमच्याकडे येते. कळलं, आई?"

"कळलं. घंटी वाजवायची."

पहिली फेरी झाली. घंटी, वळण, तातडीचं काम, परत. अठरा. दुसरी फेरी अठरा. तिसऱ्या फेरीत बाई तातडीचं काम संपवून पहिल्या ट्रेकडे वळत होत्या, तेवढ्यात घंटी वाजली.

"आई, आत्ता नाही," बाई म्हणाल्या. "एक काम संपलं की पाच ठोके थांबायचं, मग पुढची हाक."

"का?"

"तसा नियम आहे."

"कुणाचा नियम? माणसं काय पाच मोजून फोन करतात?" सासूबाईंनी घंटी खाली ठेवली. "अगं, मी एक प्लग काढत असायची आणि बरोबर त्याच वेळी त्याच भोकाचा दिवा परत लागायचा. माझा हात काढण्यात, डोळे दोरीवर. दिवा दिसायचा, पण मनात नोंद व्हायची प्लग जागेवर ठेवल्यावर. तेवढ्यात मी दुसरं काम हातात घेतलेलं. माणूस तिकडे ताटकळत. सुपरवायझरने मला याच्यावरून तीनदा झापलंय. नव्या मुलींची हमखास चूक ती."

नवऱ्याची पट्टी हवेतच राहिली. बाई दोन ट्रेंच्या मध्ये, एक हात इकडे एक तिकडे, तशाच उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "कुणाचा नियम, आई?"

"तेच तर विचारतेय मी."

"माझा."

आता ऐका. प्रोसेसर आखणारी बाई आणि त्याची परीक्षा घेणारा प्रोग्राम लिहिणारीही बाईच. तीन वर्षांपूर्वी, अगदी पहिल्या आठवड्यात, प्रोसेसर धड उभाही राहत नव्हता तेव्हा, परीक्षा सोपी जावी म्हणून बाईंनी त्या प्रोग्राममध्ये एक ओळ घातली होती: एका हाकेचं काम संपलं की पुढच्या हाकेआधी पाच ठोके सोडा. शेजारी शेरा लिहिला होता, 'तात्पुरतं'. ती तात्पुरती ओळ तीन वर्षं तिथे पाय पसरून बसली होती. चाळीस कोटी हाका मारल्या खऱ्या, पण सगळ्या सभ्य हाका. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"आई, परत वाजवा," बाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज चढला होता. "मी वळते तेव्हाच. अगदी वळते तेव्हाच. तू पट्टी चालू ठेव."

पट्टी, पट्टी, वळण, घंटी. वळता वळता हाक कानावर आली, पण तिची नोंद पुढच्या ठोक्याला. त्या एका ठोक्यात बाईंच्या हाताने पहिला ट्रे गाठला होता आणि भागाकार सुरू झाला होता. हाक आधीची, त्यामुळे आता तेरा ठोके सुटका नाही. नवऱ्याने पट्टी आपटत मोठ्याने मोजलं. तेरा ते, वर अठरा.

"एकतीस," नवरा म्हणाला.

बाईंनी सासूबाईंना खुर्चीसकट मिठी मारली. घंटी खाली पडून गडगडत मशीनखाली गेली. सासूबाई म्हणत होत्या, अगं माझी कंबर, आणि बाई म्हणत होत्या, दोन दिवस, आई, दोन दिवस मी झक मारली, आणि नवरा आपला विचारत होता की आता टेबल मोकळं झालं का, एक पँट आज द्यायची आहे.

रात्रीचं जेवण मात्र त्या दिवशी पोटभर झालं. बाईंना मीठ कमी असल्याचं पहिल्या घासाला कळलं.

दुरुस्ती गुरुवारी सकाळी झाली. सोपी होती: परत फिरताना, पहिल्या ट्रेला हात लावायच्या आधी, एकदा थांबून कान द्यायचा. याला दोन ठोके लागतात. साहेब तोवर खुशीत आले होते. "म्हणजे त्या एका वेळेला वीस, बाकी अठरा. झकास. 'अठरा' असंच राहू दे, तळाशी बारीक अक्षरात वीस लिहू."

"नाही सर. सगळ्याच वेळेला वीस करतेय."

"अहो, पण अठरा होत असताना मुद्दाम वीस? लोक आकडा बघतात. तीन वर्षं सगळीकडे आपण अठरा सांगितलंय."

"मी सांगितलंय," बाई म्हणाल्या. "तीन वर्षं मीच सांगत होते, आणि ते खरं नव्हतं." इथे मात्र त्यांचा चेहरा उतरला. अठरा हा आकडा त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवला होता. एकोणिसाचे अठरा करायला त्यांचे आठ महिने गेले होते, आणि आता एका सकाळी स्वतःच्या हाताने दोन वाढवायचे. त्यांनी वाढवले. मग परीक्षेतली ती तात्पुरती ओळ काढली, आणि प्रकल्पाच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: अठरा ही माझी चूक होती, परीक्षेत मीच सवलत दिली होती, चूक एका प्रेस दुरुस्त करणाऱ्याने दाखवली, कारण एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटरने शोधलं, आता वीस आहेत आणि नेहमी वीस आहेत. म्हाताऱ्याला वेगळं पत्र धाडलं, नवा आराखडा जोडला आणि शेवटी लिहिलं, "मोडून दाखवा."

नंतरचा दीड दिवस बाई एका जागी बसल्या नाहीत. असभ्य हाका, एकावर एक, वळताना, भागाकाराच्या तोंडावर, दोन एकाच ठोक्याला. वीस. वीस. वीस. शिवाय एक वेगळा प्रोग्राम लावला, जो हाका मारून बघत नाही, गणिताने सगळ्या शक्यता एकेक करून बंद करतो. तो शुक्रवारी तीन वाजता संपला आणि त्याने निकाल दिला: वीसपेक्षा जास्त, अशक्य, वीसपेक्षा कमी, अशक्य. बाईंनी तो निकाल छापून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा लावून वाचला, परत वाचला. मग सोमवारी माहितीपत्रकात घालून ठेवलेला 'साधारणतः' स्वतःच खोडला आणि म्हणाले, "पाठवा."

पावणेपाचला आराखडा गेला. पोच आली. कुणीतरी केक आणला होता, तो कापला. साहेबांनी दोन वाक्यांचं भाषण केलं आणि त्यात कुणालाही कोपऱ्यात उभं केलं नाही. बाईंच्या पायाला भिंगरी. याच्याशी हात मिळव, त्याला टाळी दे, सासूबाईंना फोन. "आई, गेला. तुमचा प्रोसेसर छापायला गेला." तिकडून सासूबाई म्हणाल्या, "माझं नाव घातलंत ना? निवृत्त लिहिलंय म्हणे. कशाला लिहिलं?"

पाच वाजून पाच मिनिटांनी म्हाताऱ्याचं उत्तर आलं. बाई केकची बशी हातात घेऊन उभ्याउभ्याच वाचायला लागल्या.

"बाई, काल दुपारपासून तुमचे वीस मोडायला मी जे सुचेल ते केलं. हाका वाकड्यातिकड्या मारल्या, बोर्ड तापवला, वीज कमीजास्त केली. मोडले नाहीत. तुमच्या पानावरचं वाचलं. स्वतःची चूक अशी लिहिणारं माणूस मी या धंद्यात पाहिलं नव्हतं. चिप येईल तेव्हा येईल, तोवर हाच बोर्ड प्रेसला लावून ठेवतो. सोमवारपासून त्या प्रेसवर माझी मुलगी बसणार आहे. इतके दिवस मीच तिला थांबवून ठेवलं होतं."

बाईंनी बशी खाली ठेवली. मागे हशा चालला होता, कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. आराखडा गेला होता, आता त्यातलं काहीही बदलता येणार नव्हतं, आणि बदलायचं काही नव्हतंही. तरी त्या जागेवर बसल्या, खुर्ची पुढे ओढली, आराखड्याचं पहिलं पान उघडलं आणि टेबलावर बोट टेकवून पहिल्यापासून ठोके मोजायला लागल्या.